दादाचं चिलखत आणि वहिनीच्या चादरी

माझा थोरला भाऊ गॅरेजमध्ये गाड्यांचे पोचे काढायचा. जन्मभर तेच केलं. कुणाचा दरवाजा आत गेलेला, कुणाचा बंपर वाकलेला, कुणी नवी कोरी गाडी आणल्याआणल्या फाटकावर घातलेली. दादा पत्र्याच्या मागे हात घालून डोळे मिटून चाचपायचा आणि मग टुकटुक सुरू. एवढ्यावर कुठलाही शहाणा माणूस संध्याकाळी घरी येऊन पाय पसरून बसला असता. आमचा दादा घरी यायचा, चहा प्यायचा आणि मागच्या शेडमध्ये जाऊन पुन्हा पत्राच ठोकायचा. फरक एवढाच, की दिवसाचा पत्रा लोकांच्या गाड्यांचा आणि संध्याकाळचा सहाशे वर्षांपूर्वीच्या लढवय्यांचा.

आता तो नाही, म्हणून मी कौतुक करतेय असं समजू नका. तो होता तेव्हाही मी त्याच्या तोंडावर हेच बोलायचे, जरा तिखट करून.

सुरुवात एका गिऱ्हाइकामुळे झाली. त्यानं गाडी दुरुस्तीला टाकली आणि डिकीतून एक लोखंडी शिरस्त्राण काढून दादाच्या हातात दिलं. यालाही पोचा आलाय, निघेल का? दादानं काढून दिला. पण हा पोचा आला कशानं, हे काही त्याला स्वस्थ बसू देईना. रविवारी तो गावाबाहेरच्या मैदानावर बघायला गेला. तिथे एक मंडळ होतं. दात काढणारा डॉक्टर, बसचा ड्रायव्हर, दोन कारकून, एक सुतार, अशी सगळी बापे माणसं अंगावर चिलखत चढवून बोथट तलवारींनी एकमेकांना बदडत होती. जो जमिनीवर पडला तो बाद. दादा संध्याकाळी घरी आला तो ओठ सुजवून, आणि त्या सुजलेल्या ओठानं हसत. बर्फ देत वहिनी म्हणाली, अहो, मारामारीच करायची होती तर आपल्या घरमालकाशी करायची, निदान नळ तरी दुरुस्त झाला असता.

वहिनी म्हणजे दादाची बायको. बुटकी, गोरी, बोलायला कमी आणि ऐकायला सगळं. तिनं त्याला कधी अडवलं नाही. एकच नियम घातला. ती म्हणाली, लोखंड तुमचं, कापड माझं. लोखंड उंबऱ्याच्या बाहेर. त्यामुळे चिलखताचा एक खिळासुद्धा कधी घरात आला नाही. दादा शेडमध्ये बूट झाडायचा, हात धुवायचा, पायपुसणीवर पाय पुसायचा आणि मगच आत. पाय पुसलेत का, हे वहिनी स्वयंपाकघरातून न बघता विचारायची. त्यानं पुसलेले नसले की तिला कसं कळायचं, देव जाणे.

माझं गाद्या-रजयांचं दुकान होतं, म्हणून मीही त्यात ओढली गेले. दादा म्हणाला, चिलखत आधी करता येत नाही, आधी कापड. लोखंडाच्या आत घालायला भरलेलं जाड जाकीट लागतं. घाव लोखंडावर बसतो पण दणका ते जाकीट खातं. पायांचे पत्रेसुद्धा त्यालाच नाड्यांनी बांधायचे. आणि सगळी मापं त्या जाकिटावरून घ्यायची, नुसत्या अंगावरून नाही. मंडळातले लोक त्याला अंगरखा म्हणायचे. मी गोधडी म्हणायचे. जुन्या कापडाचे थर एकावर एक ठेवून हातानं टाके घातले की जे होतं त्याला दुसरं काय म्हणायचं?

मी शिवून दिलं. बाहेरून सगळे टाके हाताचे, एकसारखे. आतल्या शिवणी मात्र मशीनवर मारल्या. दादानं जाकीट उलटं केलं, बोट फिरवलं आणि माझ्यासमोर परत ठेवलं.

"ही मशीनची आहे."

"आतल्या बाजूला आहे. कुणाला दिसणारे?"

"मला माहीत आहे ना."

झालं. मी त्याला चार शब्द सुनावले आणि सगळ्या शिवणी उसवल्या. दादाचं हे असंच होतं. त्याचं पोट भरलं वेल्डिंगवर, पण चिलखताला त्यानं वेल्डिंगची ठिणगी लागू दिली नाही. त्या काळी नव्हतं, मग नाही. सगळे जोड रिव्हेटचे, तेही एकेक हातानं ठोकलेले. पुस्तकांतले थडग्यांवरच्या दगडी पुतळ्यांचे फोटो भिंतीला चिकटवलेले असायचे. त्या पुतळ्यांच्या गुडघ्यांकडे तो असा बघत बसायचा, की वहिनी मला म्हणायची, माझ्याकडे कधी एवढं निरखून बघितलं नाही हो या माणसानं.

खरं सांगते, त्या संध्याकाळी अजून आठवतात. मी दुकान बंद करून त्यांच्याकडे जायचे. वहिनी आणि मी खिडकीशी भाजी निवडत बसायचो. मागून ठोकण्याचा आवाज यायचा. लाकडाच्या ओंडक्यात खळगा करून त्यात पत्रा ठोकून ठोकून तो गुडघ्याची वाटी काढायचा. वहिनीला आवाजावरून कळायचं. म्हणायची, आज नीट चाललंय. किंवा, आज काहीतरी बिनसलंय, आता चहा नेऊन दे, मी नाही जात. आम्ही दोघी त्याची टिंगल करायचो आणि तो चहा घेताना ती निमूट ऐकायचा. तेव्हा वाटायचं, हे रोजचंच आहे, उद्याही असेलच.

एकेक भाग करायला वर्ष-वर्ष जायचं. आधी पाय झाले. मग हात. मग छातीचा पत्रा. छातीचं माप घेतलं तेव्हा दादा वहिनीच्या हातचं खाऊन चांगला गरगरीत झाला होता. पत्र्याच्या बाजूला चामड्याचा पट्टा आणि बक्कल होतं. दादानं पट्ट्याला नेमकं एकच भोक पाडलं. मी म्हटलं, दोन-चार पाडून ठेव, माणूस कमी-जास्त होतो. तो म्हणाला, चिलखत माणसाच्या मापाचं असतं, माणसानं मापात राहायचं. वहिनी आतून म्हणाली, राहतील, मी आहे ना.

मैदानावर दोन तऱ्हेच्या लढती व्हायच्या. एक उघडी लढत, त्यात कुणीही कुणाचं काहीही घालून उतरायचं. दादा वर्षानुवर्षं त्यातच लढला, डोक्यावर त्या ड्रायव्हरचं उसनं शिरस्त्राण घालून. दुसरी पूर्ण चिलखताची, वर्षातून एकदा. तिच्यात पायापासून डोक्यापर्यंत सगळं एका प्रांताचं, एका काळाचं आणि त्या काळच्या पद्धतीनं केलेलं हवं. ते तपासायला एक निवृत्त मास्तर होते. त्यांना सगळे चाळणी म्हणायचे, कारण त्यांच्या हातून काही सुटायचं नाही. एकाचं चिलखत त्यांनी नुसत्या एका बक्कलावरून परत पाठवलं होतं. दादाला त्या लढतीत उभं राहायचं होतं. एकदाच. जिंकायचं वगैरे त्याच्या डोक्यातही नव्हतं. स्वतः केलेलं सगळं अंगावर घालून त्या मैदानावर एकदा उभं राहायचं, एवढीच त्याची हौस होती. राहिलं होतं फक्त शिरस्त्राण.

आणि वहिनी आजारी पडली.

ते मी लांबवून सांगणार नाही. उन्हाळ्यात दुखणं कळलं आणि थंडी यायच्या आत ती गेली. नंतर शेडला कुलूप लागलं. दादा गॅरेजला जायचा, घरी यायचा, चहा प्यायचा आणि बसून राहायचा. जेवायचा कंटाळा करायचा. मी डबे पाठवले, समोर बसून वाढलं, ओरडले, रडले. माझ्या हातच्या जेवणानं मीच तेवढी जाड झाले. त्याच्या गालाची हाडं वर आली आणि शर्ट खांद्यावरून उतरायला लागला.

मग एका संध्याकाळी मी गेले तर मागून टुकटुक ऐकू आली. मी खिडकीशी एकटीच बसले आणि भाजी न निवडता नुसती ऐकत राहिले. तो शिरस्त्राण ठोकत होता.

घाई होती, कारण मंडळाचा नियम होता. साठी झाली की लढत बंद, विम्याच्या लोकांनी घातलेली अट. दादाची साठी पुढच्या वसंतात होती. म्हणजे हे शेवटचं वर्ष. हे कळल्यावर मला त्याच्या ठोकण्याचा आवाज वेगळाच वाटायला लागला.

शिरस्त्राण झालं. सुंदर झालं होतं, मी उगाच कशाला नाही म्हणू? मैदानाच्या दिवसाला महिना-दीड महिना होता. त्यानं मला शेडमध्ये बोलावलं, कारण सगळं चिलखत एकट्याला घालता येत नाही, पाठीमागच्या नाड्या बांधायला दुसरा हात लागतो. जुनं जाकीट घामानं आणि वापरानं पार चपटं झालं होतं. त्यावर पाय बांधले, छाती चढवली, हात अडकवले, शेवटी शिरस्त्राण. आणि दादा चालायला लागला.

काय सांगू! पातेल्यात चमचा टाकून हलवावं तसा तो आत वाजत होता. छातीचा पत्रा खाली घसरून मांड्यांवर आपटला. मान वळवली तर शिरस्त्राण जागेवरच राहिलं आणि डोळ्यांची फट कानावर गेली. मला हसू फुटलं. हसता हसता माझं लक्ष बक्कलाकडे गेलं. पट्ट्याला ते एकच भोक नव्हतं आता. त्यानं टोच्यानं आणखी भोकं पाडली होती, एकापुढे एक, आत आत जाणारी. मला न सांगता तो किती वेळा हे घालून बघत होता कुणास ठाऊक.

शिरस्त्राण काढून तो ओंडक्यावर बसला. चूक त्याला कळली होती. त्यानं शिरस्त्राणाचं मापसुद्धा छातीच्या पत्र्याला जुळवून घेतलं होतं, स्वतःला नाही. सगळं चिलखत एकमेकांना चपखल बसत होतं. आतला माणूस तेवढा बसत नव्हता.

मी म्हटलं, पत्रा लहान कर. तो म्हणाला, लहान होत नाही, नवाच करावा लागतो, आणि तेवढे दिवस नाहीत, खांद्यात तेवढा जोरही नाही. मग म्हणाला, जाऊ दे, नाहीतरी काय अडलंय. हे जाऊ दे त्यानं इतक्या साध्या आवाजात म्हटलं, की माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, काही जाऊ द्यायचं नाही. लोखंड आहे तसं राहील. माणूस मी भरून काढते. गाद्या भरण्यात जन्म गेलाय माझा.

छातीचा पत्रा टेबलावर उताणा ठेवला आणि आतून माप घेतलं. जुनं जाकीट बाजूला ठेवून नवंच करायचं ठरवलं, छातीला जाड, पोटाला त्याहून जाड. बाहेरचं लिनन मिळालं. अडलं ते थरांपाशी. थरांना जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं शुद्ध सुती कापड लागतं, नवं कापड पुठ्ठ्यासारखं ताठ बसतं. माझ्या दुकानात काय तोटा, असं मला वाटलं होतं. मी गाठोडं घेऊन गेले. दादानं एकेका कापडाचा दोरा ओढला आणि काडीनं पेटवला. सुती असेल तर कागदासारखा वास येतो आणि राख पडते. भेसळ असेल तर वितळून टोकाला कडक मणी होतो. ही युक्ती त्याला वहिनीनं शिकवलेली. तिच्या कातडीला भेसळीचं कापड सोसायचं नाही, त्यामुळे ती दुकानात उभ्या उभ्या दोरा जाळून बघायची आणि दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळायचं. माझ्या गाठोड्यातल्या बहुतेक सगळ्या दोऱ्यांचा मणी झाला. हल्लीच्या चादरी, दुसरं काय होणार! मी आणखी गाठोडी आणली, त्यांचाही मणी.

दोन दिवसांनी दादा माझ्या दुकानात आला. हातात वहिनीची पेटी. ती गेल्यापासून ती पेटी कुणी उघडलेली नव्हती. एकदा मी धूळ पुसायला गेले तर त्यानं मला नको म्हटलं होतं. त्यानं ती काउंटरवर ठेवली आणि उघडली. वहिनीच्या चादरी, उशांचे अभ्रे, घरात घालायचे दोन झगे. सगळं घडी घातलेलं, पांढरं. एका चादरीवर बारीक निळी फुलं होती. ती तिची आवडती, त्यांच्या खाटेवर कायम तीच असायची.

मी काडेपेटी पुढे केली. सवयीनं हो.

तो म्हणाला, "हे तपासायला नको."

मी काडेपेटी परत ठेवली. मग मी ती फुलांची चादर बाजूला काढली. म्हटलं, ही छापील आहे, त्या काळी असली फुलं कुठली, ही राहू दे. खरं म्हणजे ती कापायला माझाच हात धजत नव्हता. दादानं ती उचलून सगळ्यांत वर ठेवली.

"घाल ती."

"अरे, आत गेली की कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला माहीत असेल ना."

मी शिवत गेले. दुपारी दुकानात, संध्याकाळी त्याच्या शेडमध्ये. डोळे दुखले, बोटांची चाळण झाली. एकही टाका मशीनचा नाही, हे मी कुणी न विचारताच सांगून ठेवते. फुलांची चादर छातीच्या भागात घातली, अंगाच्या बाजूला, वर फक्त अस्तर. उरलेल्या तुकड्यांची शिरस्त्राणाच्या आत घालायला एक भरलेली टोपीही केली.

मैदानाच्या दिवशी गवत ओलं होतं. तंबूत चाळणी मास्तर टेबलामागे बसले होते. त्यांनी रिव्हेट बघितले, पत्र्यांच्या कडा बघितल्या, शिरस्त्राण उलटंपालटं केलं आणि नुसती मान हलवली. मग जाकीट घेतलं. टाके बघितले. नाड्यांसाठी हातानं केलेली काजं बघितली, प्रत्येक काजात बोट घालून. बगलेखालच्या एका काजापाशी थांबले. तिथे टोच्या घालताना माझ्याकडून थर जरा बाहेर आला होता, आणि काजाच्या कडेला निळं दिसत होतं. त्यांनी चष्मा वर केला. माझा जीव टांगणीला लागला.

"मिस्त्री, हे काय?"

दादाला खोटं बोलता यायचं नाही. आयत्या वेळी तर नाहीच.

"माझ्या बायकोची चादर आहे."

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं. वहिनी गेली तेव्हा ते भेटायला आले होते, दाराशी उभे राहून परत गेले होते, कारण काय बोलावं ते त्यांना सुचलं नव्हतं.

"सुती आहे?"

"हो. सुती आहे."

त्यांनी तो निळा धागा बोटानं हळूच आत ढकलला आणि जाकीट माझ्या हातात दिलं.

मी दादाला चिलखत घातलं. आधी जाकीट. मग पाय, नाड्या घट्ट. मग छातीचा पत्रा. बक्कल लावायला मी पट्टा ओढला आणि सवयीनं आतल्या भोकांकडे गेले. पट्टा तिथवर येईना. सोडत सोडत गेले आणि काटा आपोआप बसला, पहिल्या भोकात. वहिनीच्या वेळच्या. मी वर बघितलं. दादा खाली बघत होता, माझ्या हाताकडे. मी शिरस्त्राण चढवलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

लढत त्या ड्रायव्हरशीच होती. दादा छान लढला. दोन-तीन घाव असे बसवले, की लोक ओरडले. मग त्या धिप्पाड माणसानं खांदा लावला, दादाचा पाय ओल्या गवतावर घसरला आणि तो उताणा पडला. बाद. मी धावत गेले. शिरस्त्राण काढलं तर तोंड लालबुंद आणि दादा या वेळी ओठ न सुजताच हसतोय. लागलं का, विचारलं. म्हणाला, काही कळलंसुद्धा नाही गं, मऊ होतं. मी बक्कल सोडायला हात घातला.

"राहू दे," तो म्हणाला. "जरा वेळ राहू दे."

बराच वेळ आम्ही मैदानाच्या कडेला बसलो. बाकीच्या लढती चालू होत्या, आम्ही कुठे बघत होतो? शेवटी तो म्हणाला, ती एकदाही आली नाही इथे. मी म्हटलं, आली असती तर तुला ऐकवलं असतं. तो हसला, पत्रे खुळखुळले, आणि मग त्याला रडू आलं. मीही रडले. वहिनी गेल्यापासून आम्ही दोघं एकत्र रडलो नव्हतो.

टेम्पोत तो तसाच बसला, चिलखत न काढता. रस्त्यातले लोक वळून बघत होते. घरापाशी उतरल्यावर मी शेडची किल्ली काढली. तो शेडकडे वळलाच नाही, सरळ पुढच्या दाराकडे गेला.

मी म्हटलं, "दादा, लोखंड बाहेर."

"आज कापडही आहे बरोबर. चालेल तिला."

मी दार उघडलं. मला वाटलं होतं तो सरळ आत जाईल. पण आमचा दादा, अंगावर सगळं चिलखत, उंबऱ्याशी थांबला आणि पायपुसणीवर दोन्ही पाय नीट पुसत राहिला.